ॲडलेडच्या डोंगरांत मुलाबाळांसह भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडलेडला नवीन आलेल्या मराठी घराला राहायची जागा मिळाली, मुलांची शाळा सुरू झाली, पोळ्यांना बरी कणीक कुठे मिळते ते कळलं, की पुढचा प्रश्न हमखास येतो: "इथे ट्रेकला कुठे जायचं?" हे उत्तर मी फोनवर, हळदीकुंकवाला, पोरांच्या वाढदिवसाला उभ्या उभ्या इतक्यांदा दिलं आहे की आता एकदाच लिहून ठेवते. माझा धोशा आधीच सांगते. इथले डोंगर सह्याद्रीपुढे टेकड्या वाटतात आणि आपण तिथेच फसतो. इथला बेत डोंगराच्या उंचीवरून ठरत नाही. तो ऊन, वारा आणि बरोबर असलेल्या सगळ्यात लहान माणसाचे पाय बघून ठरवायचा.

"कॉन्झर्वेशन पार्क" म्हणजे नेमकं काय? नॅशनल पार्कपेक्षा वेगळं असतं का?

कागदोपत्री वेगळं असतं. ॲडलेड ज्या राज्यात आहे त्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या १९७२च्या कायद्यात राखीव जागांचे काही प्रकार सांगितले आहेत. नॅशनल पार्क म्हणजे सगळ्या देशाच्या दृष्टीने मोलाचा प्रदेश. कॉन्झर्वेशन पार्क म्हणजे तिथले प्राणी, झाडं किंवा एखादा नैसर्गिक वा ऐतिहासिक ठेवा राखण्यासाठी बाजूला काढलेली जागा. रिक्रिएशन पार्क मुख्यतः लोकांच्या विरंगुळ्यासाठी असतं. चालणाऱ्या माणसाला यातला फरक जाणवतो तो कुत्रा आणि सायकल यांच्या नियमांत.

पाट्यांचा गोंधळ मात्र होतो, कारण दर्जा बदलत राहतो. क्लेलंड २०२१पर्यंत कॉन्झर्वेशन पार्क होतं, आता नॅशनल पार्क आहे. उत्तरेकडचं पॅरा विरा आधी रिक्रिएशन पार्क होतं, ते आता कॉन्झर्वेशन पार्क झालं आहे. जुन्या नकाशात वेगळं नाव दिसलं तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं समजू नका.

आपल्याकडच्या अभयारण्याचं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. इथे जिप्सी नाही, गाइड नाही, सफारीची वेळ नाही. मोरिअल्टासारख्या ठिकाणी लोकांच्या परसाचं कुंपण संपतं आणि पार्क सुरू होतं.

बुशवॉक आणि ट्रेक यांत फरक काय?

इथल्या रानाला "बुश" म्हणतात आणि त्यातून पायी फिरण्याला बुशवॉक. बुश म्हणजे घनदाट जंगल नव्हे. निलगिरीच्या कुळातली विरळ झाडं, खाली काटेरी झुडपं, कोरडं गवत आणि सालींचा पाचोळा. पहिल्या भेटीत बऱ्याच जणांना ते उदास वाटतं. मलाही वाटलं होतं. पावसानंतर एकदा जा, त्या पानांचा वास आला की मत बदलतं.

खरा फरक वेगळाच आहे. आपल्याला माथ्यावर काहीतरी लागतं. गड, देऊळ, पाण्याचं टाकं, निदान पिठलं-भाकरी करून देणारी मावशी. इथे बहुतेक वाटांच्या शेवटी एक बाक असतो आणि बाकावर पाटी. "एवढ्यासाठी आलो?" हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांकडून येणारच, तयारीत राहा.

अगदी पहिल्यांदा जायचंय. तीन वर्षांचं मूल आणि भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर आहेत. कुठे जावं?

बेलेअर. दुसरा विचार करू नका. शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर आहे. १८९१मध्ये ते राखीव झालं. सिडनीजवळच्या रॉयल नॅशनल पार्कनंतर, म्हणजे १८७९नंतर, ऑस्ट्रेलियातलं हे दुसरं नॅशनल पार्क. नावाने कॉन्झर्वेशन पार्क नसलं तरी नवख्या कुटुंबाची सुरुवात इथेच व्हावी असं माझं ठाम मत आहे. प्लेफर्ड लेकभोवतीची वाट सपाट आहे, बाबागाडी चालते, बदकं आहेत, जवळच मुलांना खेळायला मोठी जागा आहे, आणि आजोबांना मान वर करून कोआला शोधायचं काम देता येतं. काम मिळालं की आजोबा खूश.

पाय जरा मोकळे झाले की धबधब्यांकडे जाणारी वाट धरा. तिच्यावर रेल्वेखालून जाणारा एक बोगदा लागतो, त्याला एको टनेलच म्हणतात. मुलं तिथे ओरडून ओरडून घसा बसवतात. इतिहासाची आवड असेल तर १८५९मध्ये गव्हर्नरांच्या उन्हाळी मुक्कामासाठी बांधलेलं जुनं गव्हर्नमेंट हाऊस बाहेरून बघून घ्या. पुण्याचे ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे, तसाच प्रकार. फक्त महाबळेश्वर इथे अर्ध्या तासावर होतं.

गाडी आत नेली तर शुल्क पडतं. चालत किंवा आगगाडीने गेलात तर नाही.

मोरिअल्टाचं नाव सगळे घेतात. लहान मुलांना झेपेल का?

झेपेल, पण कोणती वाट धरता त्यावर आहे. मोरिअल्टा कॉन्झर्वेशन पार्क शहराच्या ईशान्येला, साधारण १० किलोमीटरवर. फोर्थ क्रीक नावाच्या ओढ्याने इथे खोल घळ कापली आहे आणि तिच्यात एकामागे एक तीन धबधबे आहेत. नावंही सरळसोट: पहिला, दुसरा, तिसरा.

ओढ्याच्या कडेने पहिल्या धबधब्याच्या पायथ्याशी जाणारी वाट रुंद आणि जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन सुमारे दोन किलोमीटर. चार वर्षांचं मूल ती स्वतःच्या पायांनी चालतं. वाटेत पायऱ्या चढून जायंट्स केव्ह नावाच्या गुहेत डोकावता येतं. गुहा म्हटल्यावर वेरूळ आठवू नका, कड्यातली मोठी कपार आहे. पण सहा वर्षांच्या माणसाला तेवढी पुरते.

तिन्ही धबधबे घेणारा मोठा फेरा साधारण सव्वासात किलोमीटरचा आहे आणि तीन-चार तास घेतो. तो वर चढतो, कड्याच्या कडेने जातो, आणि काही ठिकाणी खाली बघितलं की पोटात गोळा येतो. आठ-नऊ वर्षांपुढच्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांसाठीच. आम्ही एकदा "आलोच आहोत तर दुसराही बघू" म्हणून पाच वर्षांच्या मुलाला घेऊन वर गेलो. जाताना तो पुढे पळत होता. येताना नवऱ्याच्या खांद्यावर होता, आणि नवरा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होता.

पार्कच्या तोंडाशी मुकान्थी नावाचं खेळायचं अंगण आहे. झोपाळे-घसरगुंड्यांऐवजी दगड, ओंडके, पाणी, चढण्याच्या जागा. एक धोक्याची सूचना: जाताना तिथे थांबलात तर धबधबा विसरा. आधी चाला, मग खेळा.

वॉटरफॉल गली ते माउंट लॉफ्टी कसं आहे?

ॲडलेडचा सिंहगड. यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचत नाही. पहाटेपासून तीच तीच मंडळी घाम गाळत वर जातात, कोणी घड्याळ लावून, कोणी पाठीवर वजन घेऊन, आणि एकमेकांना मान हलवून ओळख देतात. एका बाजूने ३.९ किलोमीटर, चढ जवळजवळ सलग. माथा सुमारे ७१० मीटर उंच. रोज सिंहगड करणाऱ्या पुणेकराला यात नवल नाही, पण मधे बरीच वर्षं खुर्चीत गेली असतील तर ती वाट आठवण करून देते. वर कांदाभजी नाहीत. कॉफी आहे.

माथ्यावर पांढरा उंच मनोरा दिसतो, तो मॅथ्यू फ्लिंडर्सच्या नावाचा. १८०२मध्ये जहाजावरून किनारा मापताना त्याने हा डोंगर पाहिला आणि त्याला लॉफ्टी, म्हणजे उंच, म्हटलं. त्याआधी त्याला नाव नव्हतं असं नाही. ॲडलेडच्या सपाटीवरचे मूळ रहिवासी गार्ना लोक. स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार गार्नाच आहे. त्यांच्या कथेत ही डोंगररांग म्हणजे पडलेल्या एका महाकाय पूर्वजाचं शरीर, आणि माउंट लॉफ्टी व शेजारचा माउंट बोनिथन हे त्याचे दोन कान. या जोडीला "युरेबिला" म्हणतात, अर्थ तोच: दोन कान. जवळच्या युरेडला गावाचं नावही त्याच शब्दातून आलं आहे. मुलांना ही गोष्ट खालीच सांगा. मग "किती राहिलं?"ऐवजी "कान आला का?" असं विचारतात.

घरात गुडघेदुखी असलेलं कोणी असेल तर सोपी युक्ती: अर्धे लोक चढतात, अर्धे गाडीने वर येतात. रस्ता माथ्यापर्यंत जातो. डबा गाडीतून येतो, त्यामुळे सासूबाईंना आपण मागे राहिलो असं वाटत नाही, उलट सगळे त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. शनिवार-रविवारी खाली गाडी लावायला जागा मिळायची तर सकाळी आठच्या आत पोहोचा.

मोठ्या मुलांना "नुसतं चालणं" कंटाळवाणं वाटतं. काही वेगळं?

हॅलेट कोव्ह कॉन्झर्वेशन पार्क. माझं सगळ्यात आवडतं, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी विचारलं जाणारं.

शहराच्या दक्षिणेला समुद्राच्या कड्यावर हे छोटं पार्क आहे. कड्यावरचा खडक काही जागी पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. ते काढले बर्फाच्या नदीने, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालच्या खडकावर रेघा मारल्या. राल्फ टेट या भूशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात त्या ओळखल्या. बर्फाच्या त्या काळी हा भूभाग अंटार्क्टिकाला जोडलेला होता, गोंडवन नावाच्या महाखंडात.

त्याच महाखंडात आपला द्वीपकल्पही होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ, पैनगंगेच्या पात्रातल्या चुनखडकावर असेच हिमनदीचे ओरखडे आहेत आणि तेही एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांना सापडले. गोंडवन हे नावच मुळी मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं. उन्हाने भाजून निघणाऱ्या चंद्रपुरात एके काळी बर्फ होता, हे विदर्भातल्या माणसाला सांगून बघा. माझ्या वडिलांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खडकावरून हात फिरवला, आणि परतीच्या वाटेवर तीनदा तेच विचारलं.

फळ्यांच्या वाटेवरून फिरत शुगरलोफ नावाचा थराथरांचा सुळका आणि ॲम्फिथिएटरची रंगीत घळ बघता येते. पायऱ्या आहेत, बाबागाडी नको. सावली नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे सकाळी जा. ओरखड्यांवर बूट घासू नका, दगड उचलू नका.

आमच्याकडे गाडी नाही.

बेलेअरला शहरातून त्याच नावाची आगगाडी जाते, शेवटच्या स्थानकावर उतरा, पार्क समोरच आहे. हॅलेट कोव्हला सीफर्डकडे जाणारी गाडी धरा आणि स्थानकावरून थोडं चाला. मुलांना आगगाडीचं कौतुक फुकटात मिळतं. बाकी ठिकाणी बस जवळपास नेते, शेवटचा तुकडा पायी. सुट्टीच्या दिवशी बसा कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

धबधबे कधी बघावेत? आम्ही जानेवारीत गेलो, नुसते दगड होते.

जानेवारीत दगडच असणार. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, मे ते सप्टेंबर. धबधबे खरे वाहतात जून अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. गंमत बघा, महिने आपल्या वर्षासहलींचेच. आपण लोणावळा-माळशेजला जातो त्याच वेळी इथेही धबधबे चालू असतात. फक्त इथे तेव्हा थंडी असते. पाण्याखाली उभं राहून चिंब व्हायची कल्पना सोडा, अंगात हुडहुडी भरेल आणि बघणारे हसतील.

अपेक्षाही आवरा. ॲडलेडला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात एकट्या जुलैत याच्या कितीतरी पट पडतो. दोन दिवस चांगला पाऊस होऊन गेला की तिसऱ्या दिवशी मोरिअल्टाला जा, तेव्हा तिथे आवाज ऐकू येतो.

माझ्या मते सगळ्यात सुंदर काळ ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर. बाभळीच्या जातीचा पिवळा वॉटल फुलतो, जमिनीलगत इवली ऑर्किड दिसतात, ओढे वाहते असतात आणि ऊन अजून दात दाखवत नाही.

उन्हाळ्यात जाऊ नये का? आम्ही नागपूरचे, ४५ डिग्री बघितलेले लोक आहोत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, म्हणून उत्तर लांब आहे.

२४ जानेवारी २०१९ला ॲडलेडमध्ये ४६.६ अंश तापमान नोंदलं गेलं. तुम्ही ते सोसाल हे मान्य. प्रश्न सोसण्याचा नाही, आगीचा आहे. त्या दिवसांत उत्तरेकडून वाळवंटातला कोरडा वारा सुटतो. बुशमधलं गवत तोवर वाळून कागद झालेलं असतं, झाडांच्या पानांत तेल असतं, साली लोंबत असतात. ठिणगी पडली की आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते, आणि घळीत अडकलेल्याला बाहेर पडायला बहुधा एकच वाट असते. १६ फेब्रुवारी १९८३च्या "ॲश वेन्सडे"ला साउथ ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया मिळून ७५ माणसं गेली, माउंट लॉफ्टीच्या माथ्यावरची घरं जळाली. इथली जुनी माणसं त्या दिवसाची आठवण अजून काढतात.

म्हणून डिसेंबर ते एप्रिल या काळात आदल्या संध्याकाळी आणि निघताना पुन्हा, कंट्री फायर सर्व्हिसच्या पानावर माउंट लॉफ्टी रेंजेस विभागाचा आगीचा इशारा बघायचा. चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटची असेल तर पार्क बंद असतात. एक्स्ट्रीमलाही बंद होऊ शकतात. उघडं असलं तरी एक्स्ट्रीमच्या दिवशी मुलांना घेऊन बुशमध्ये जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. पाहुणे परवा परत जाणार असले तरी. त्या दिवशी समुद्रावर जा.

बाकीच्या उन्हाळी दिवशी सकाळी सातला सुरू करून दहाला गाडीत परत. इथलं ऊन चटका देत नाही तेव्हाही जाळतं. ढगाळ आहे म्हणून टोपी आणि सनस्क्रीन टाळू नका. "आम्हा सावळ्यांना गरज नाही" हे मीही म्हणत होते, नाकाचं साल निघेपर्यंत.

झाडाखाली सावलीत चटई टाकून बसलं तर चालेल ना?

छोट्या झाडाखाली बसा. मोठ्या, जुन्या निलगिरीखाली नको. ही झाडं उन्हाळ्यात, वारा नसतानाही, अख्खी फांदी टाकून देतात. आपल्याला वडाच्या सावलीची सवय, इथलं झाड तसा भरवसा देत नाही. सुसाट वाऱ्याच्या दिवशी तर बुशमध्ये जायचंच नाही.

साप! किती असतात?

असतात. ईस्टर्न ब्राउन अतिशय विषारी आहे आणि या डोंगरांत सर्रास आहे. लालसर पोटाचा काळा सापही आहे. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ऊन खायला वाटेवर येतात. दहा वर्षांत मला वाटेवर तीनदा साप दिसला, तिन्ही वेळा तो घाईत होता.

वाटेवरच चाला, उंच गवतात शिरू नका, ओंडक्याखाली हात घालू नका, पुढे एक मोठं माणूस ठेवा. दिसला तर थांबा, मागे सरका, जाऊ द्या. मारायचा तर अजिबात नाही. साप इथे कायद्याने संरक्षित आहेत, आणि चावा बहुतेकदा त्याला छेडणाऱ्यालाच बसतो.

चावलाच तर: माणसाला आडवं करा, हलू देऊ नका. चावा हाता-पायाला असेल तर रुंद लवचीक पट्टीने तो सगळा हात किंवा पाय घट्ट गुंडाळा, मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट, मग काठी लावून स्थिर करा आणि ०००, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. जखम धुवू नका, कातडीवर राहिलेल्या विषावरून साप ओळखता येतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. थोडक्यात, हिंदी सिनेमात पाहिलेलं सगळं विसरायचं. दोन मोठ्या पट्ट्या नेहमी पाठपिशवीत असू द्या, औषधांच्या दुकानात मिळतात.

आणि कोआला, कांगारू?

दोन्ही दिसतील. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला, कोआला दिवसभर झाडाच्या बेचक्यात झोपलेला. खाली गोळ्या-गोळ्यांची विष्ठा दिसली की वर बघा.

बऱ्याच लोकांना माहीत नसतं, कोआला मुळात या डोंगरांतला नाहीच. साउथ ऑस्ट्रेलियात तो आग्नेयेच्या कोपऱ्यात होता, तिथूनही फरच्या व्यापारापायी संपला. विसाव्या शतकात व्हिक्टोरियातून कांगारू आयलंडवर आणून सोडलेल्यांचा वंश पुढे ॲडलेडच्या डोंगरांत आणला गेला. म्हणजे तोही स्थलांतरितच. आता इतका रुळला आहे की परसातल्या झाडावर येऊन रात्री डुकरासारखा घोरतो.

खायला कुणालाच काही देऊ नका. पोळीचा तुकडासुद्धा नाही. कूकाबुरा पक्षी मुलाच्या हातातला घास न विचारता नेतो, तो भाग वेगळा. इथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, मॅगपाय घरट्याजवळ डोक्यावर झेप घेतो. टोपी घाला, पळू नका, त्या झाडाला वळसा घाला. मुंग्यांकडेही लक्ष असू द्या. बुल अँट नावाची बोटाच्या पेराएवढी मुंगी चावली की मोठं माणूसही रडतं.

डब्यात काय न्यावं?

तुम्हाला आवडेल ते. थालीपीठ, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या यांच्यासारखं चालण्याचं खाणं जगात नाही, आणि इथल्या लोकांच्या कोरड्या म्यूस्ली बारकडे बघून ते पुन्हा पटतं. लोणच्याची बरणी घट्ट लावा. पाणी घरूनच, दर माणशी निदान एक लिटर, उन्हात दुप्पट. ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, कितीही निर्मळ दिसलं तरी.

बहुतेक वाटांवर कचरापेटी नसते. हे विसरणं नव्हे, धोरण आहे. सालं, टिश्यू, बाळाचे डायपर, सगळं परत घरी न्यायचं. केळ्याचं साल "निसर्गातच जाणार" म्हणून फेकायचं नाही, इथल्या निसर्गात केळं नाही. शेगडी, चूल यांचा विचार आगीच्या मोसमात नको.

वाटेवर बडीशेप, ब्लॅकबेरी, ऑलिव्ह, अळंबी दिसतात. तोडली तर?

नको. आपल्याला रानभाज्यांचं प्रेम, हात शिवशिवतो, मला कळतं. ओढ्याकाठी उगवलेली ती बडीशेप खरंच बडीशेपच आहे. युरोपियनांनी आणली आणि ती माजली. ऑलिव्ह आणि ब्लॅकबेरीही तसेच. पण ती तण म्हणून गणली जातात आणि त्यांवर तणनाशक मारतात. कुठल्या झुडपावर कधी मारलं, हे बघून कळत नाही.

अळंब्यांना तर हातही लावू नका. ओकच्या झाडांखाली डेथ कॅप नावाची अळंबी उगवते. दिसायला गोंडस आहे, यकृत निकामी करते, आणि शिजवून विष जात नाही.

कुत्रा नेता येईल?

कॉन्झर्वेशन पार्कांत बहुतेक ठिकाणी नाही. बेलेअरमध्ये आणि बऱ्याच रिक्रिएशन पार्कांत पट्टा लावून चालतो. आपल्या पार्कचं पान बघून मगच निघा.

वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश कशासाठी?

चिखलातून फायटोफ्थोरा नावाचा रोग पसरतो. तो झाडांची मुळं कुजवतो, आणि एकदा जमिनीत शिरला की निघत नाही. याका नावाचं गवताच्या झुलपांसारखं झाड आहे, शंभर-शंभर वर्षं जगणारं. ते यात पटकन मरतं. म्हणून आधी तळवे घासा, मग फवारा असेल तर तो मारा, आत जाताना आणि बाहेर येतानाही. मुलांना हे काम फार आवडतं. देवळात शिरताना पाय धुतो तसं, एवढं सांगितलं की पुरतं.

किती अवघड आहे हे आधी कसं कळणार?

पाटीवर १ ते ५ श्रेणी असते. १ म्हणजे सपाट, चाकाच्या खुर्चीलाही मदतीने जमेल अशी. २ आणि ३ कुटुंबाच्या. ४ला अनुभव हवा, ५ आपल्यासाठी नाही. दिलेली वेळ मोठ्या माणसाची असते. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर दुप्पट धरा, आणि अर्धं अंतर झाल्यावर मूल हसत असेल तरच पुढे जा.

पायात चपला-सँडल नकोत. इथली कोरडी वाट बारीक खड्यांनी भरलेली असते, उतारावर पाय गोट्यांवर ठेवल्यासारखा सटकतो. महागडे ट्रेकिंग बूट नकोत, पकड असलेले साधे बूट पुरे.

फोनला रेंज असते?

माथ्यावर असते, घळीत जाते. नकाशा घरीच उतरवून घ्या. इमर्जन्सी प्लस हे ॲप फोनवर ठेवा, आपण नेमके कुठे आहोत ते त्यावर दिसतं आणि ०००ला सांगता येतं. कुठे चाललो आणि कधी परतणार ते कुणाला तरी कळवून निघा.

स्पीकरवर गाणी?

नको.

ड्रोन?

परवानगीशिवाय नाही.

मुलांनी खडे, पिसं, झाडांची बोंडं गोळा केली तर?

तिथेच ठेवायची, नियम आहे. गाडीत बसायच्या आधी खिसे तपासा. आमच्याकडे फोटो काढायची परवानगी आहे, आणि त्यामुळे माझ्या फोनमध्ये चारशे बोंडांचे फोटो आहेत.

कोजागिरीला रात्री चांदण्यात जाता येईल?

बेलेअर, मोरिअल्टा यांसारख्या ठिकाणी गाड्यांची फाटकं सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, गाडी आत अडकेल. मसाला दूध समुद्रकिनाऱ्यावर प्या. कोजागिरीचा चंद्र तिथेही तोच दिसतो, आणि ऑक्टोबरातली रात्र इथे गारच असते, शाल न्या.

हे सगळं झालं. पुढे काय?

युरेबिला ट्रेल. बेलेअरपासून ॲथलस्टोनपर्यंत ५४ किलोमीटर, क्लेलंड, मोरिअल्टा, ब्लॅक हिल अशी सात-आठ राखीव रानं जोडत जाणारी. एका दमात करायची गरज नाही, एकेका सकाळी एकेक तुकडा घेत कुटुंबं वर्षभरात ती पुरी करतात. दोन गाड्या लागतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी, म्हणून दोन घरांनी मिळून करा. त्यानंतरही पाय शिवशिवत असतील तर केप जर्व्हिसपासून फ्लिंडर्स रेंजेसमधल्या पॅराचिल्ना घळीपर्यंत १२०० किलोमीटरचा हायसेन ट्रेल आहे. आमचे आतापर्यंत त्यातले अठरा झाले आहेत.